पक्ष्यांना दाणे घालायचेत पण बजेट कमी आहे? मग पिशवीवरचा भाव सोडा, फीडरखाली काय पडलंय ते बघा

बागेत पक्षी यावेत असं वाटलं की बहुतेक जण काय करतात, दुकानात जातात, "जंगली पक्ष्यांसाठी मिक्स" लिहिलेली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात स्वस्त पिशवी उचलतात, फीडर, म्हणजे पक्ष्यांसाठी दाणे ठेवायचं टांगतं भांडं, काठोकाठ भरतात आणि खूश होतात. दोन दिवसांत फीडर रिकामा! वा, काय खातात पक्षी. पण जरा खाली वाकून बघा. निम्मा माल जमिनीवर पडलेला असतो, काही दाणे मोड येऊन उगवायला लागलेले असतात आणि रात्री तिथे उंदीर येतात ते वेगळंच.

म्हणजे फीडर रिकामा झाला तो खाऊन नाही, उकरून. हे एकदा बघाच, अगदी जवळून. चिमणीएवढा पक्षी फीडरच्या भोकाशी बसतो आणि चोच डावी-उजवी अशी झाडतो, तीन-चार दाणे बाहेर उडवतो, मग हवा तो एक मिळाला की तोंडात घोळवतो, जिभेने फिरवून फिरवून टरफल फोडतो, दोन फाका खाली टाकतो आणि परत झाडायला सुरुवात. त्याला फक्त सूर्यफूल हवं असतं, बाकी सगळं त्याच्या दृष्टीने वाटेतला कचरा. आणि त्या कचऱ्याचे पैसे आपण दिलेले असतात.

म्हणून स्वस्त कशाला म्हणायचं ते आधी ठरवू. किलोचा भाव कमी म्हणजे स्वस्त नाही, पोटात गेलेल्या किलोचा भाव कमी म्हणजे स्वस्त. हिशोब सोपा आहे. समजा स्वस्त मिक्स १०० ला किलो आहे, त्यातला अर्धा माल कोणी खात नाही, उरलेल्या अर्ध्यातही थोडं टरफल जातं, म्हणजे किलोमागे ४३० ग्रॅम खरोखर खाल्लं गेलं. तर खाल्लेला किलो पडला २३३ ला. काळं सूर्यफूल समजा १५० ला किलो, टरफल पाव भाग गेलं तरी ७५० ग्रॅम खाल्लं जातं, खाल्लेला किलो २०० ला. आणि सोललेलं सूर्यफूल, जे बघून आपण "बापरे एवढं महाग" म्हणून खाली ठेवतो, ते समजा १९०, त्यातलं काहीच वाया जात नाही, म्हणजे १९० च. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुमच्याकडचे भाव टाकून बघा, उत्तर थोडं इकडे-तिकडे होईल पण गणित हेच करायचं.

वर आणखी एक गोष्ट. सोललेल्या सूर्यफुलाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ५८० कॅलरी असतात आणि ज्वारी-बाजरीसारख्या धान्यात ३३० ते ३८०, कारण सूर्यफुलात निम्म्याच्या आसपास तेल आहे आणि एक ग्रॅम फॅटमधून ९ कॅलरी मिळतात तर पिठूळ पदार्थाच्या एका ग्रॅममधून ४. थंडीच्या रात्रीत छोट्या पक्ष्याला दिवसभर साठवलेली चरबी जाळूनच सकाळ गाठायची असते, त्यामुळे तो त्या दिवसांत तेलाचा दाणाच शोधतो. नखरे नाहीत ते.

मिक्सच्या पिशवीत काय बघायचं

मिक्स घ्यायचंच असेल तर पारदर्शक पिशवी घ्या किंवा मागची यादी वाचा. लाल ज्वारी, गहू, सालासकट ओट्स, भरडलेला मका हे यादीत पहिल्या दोन-तीन नंबरात असतील तर तो भरावाचा माल आहे, वजन वाढवायला घातलेला. ही धान्यं वाईट नाहीत हं, होले, कबुतरं आणि जमिनीवर चरणारे मोठे पक्षी ती आवडीने खातात, तुमच्याकडे तेच येत असतील तर खुशाल घ्या. पण लटकणाऱ्या फीडरवर फिंच, टिट यांच्यासारखे छोटे पक्षी यावेत म्हणून तुम्ही पैसे घालत असाल तर ते मिक्स चुकीच्या पाहुण्यांसाठीचं जेवण आहे. सुकी मसूर, मोठे घेवडे, रंगीत गोळ्यांसारखं काहीतरी दिसलं तर ठेवून द्या, एवढं कडक कडधान्य छोट्या चोचीला फुटत नाही.

माझं सरळ मत, मिक्स घेऊच नका. सुटे दाणे घ्या, दोन प्रकार पुरतात, काळं सूर्यफूल आणि एखादं बारीक धान्य. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं ठेवा म्हणजे उकरायचं कारणच राहत नाही.

कोणता दाणा कोणासाठी

सूर्यफुलात दोन जाती बाजारात दिसतात, एक काळीभोर बारीक बी जिच्यातून तेल काढतात आणि दुसरी पट्टेवाली मोठी. पट्टेवालीचं टरफल जाड असतं, वजनातला जवळजवळ निम्मा भाग टरफलातच जातो आणि ती फोडायला दणकट चोच लागते. काळी घ्या. एकच दाणा घ्यायचा असेल तरी हाच घ्या, सगळ्यात जास्त प्रकारचे पक्षी यावर येतात. टिट तर बघण्यासारखा, एकच बी उचलणार, जवळच्या फांदीवर जाणार, दोन पायांत धरून ठोकत बसणार, संपली की पुन्हा फेरी. फीडरवर बसून राहत नाही, त्यामुळे तो कमी खातो असं वाटतं पण खेपा मोजल्या तर कळतं.

सोललेली बी चांगली पण तिला टरफलाचं संरक्षण नसतं, पावसात भिजली की एक-दोन दिवसांत बुरशी. कोरड्या हवेत आणि छप्पर असलेल्या फीडरमध्येच परवडते. फरशी किंवा कुंड्यांखाली टरफलांचा ढीग नको असेल तर मात्र पर्याय नाही, सूर्यफुलाच्या टरफलांतून अशी द्रव्यं झिरपतात की खालची छोटी रोपं नीट वाढत नाहीत.

बारीक धान्यात वरी, राळा, बाजरी असलं काहीही चालतं, पांढरं किंवा फिकट रंगाचं धान्य जास्त पटकन उचललं जातं असा सर्वसाधारण अनुभव आहे. हे चिमण्या, मुनिया, होले यांचं खाणं, आणि हे पक्षी मूळचे जमिनीवर चरणारे, म्हणून लटकणाऱ्या नळीत न घालता सपाट ताटलीत किंवा स्वच्छ झाडलेल्या जमिनीवर मूठभर टाका. स्वस्तातलं सगळ्यात स्वस्त हेच.

कारळे हा फिंच जातीच्या पक्ष्यांचा खास खाऊ, गोल्डफिंचसाठी तर लोक वेगळा बारीक भोकांचा फीडर लावतात. पण जपून, कारळ्याची बी इतकी बारीक आणि तेलकट की ती लवकर सुकते आणि सुकली की पक्षी तोंड लावत नाहीत. मोठी पिशवी घेण्यात काही अर्थ नाही. फिंच तसेही सोललेल्या सूर्यफुलावर येतातच, त्यामुळे बजेट तंग असेल तर कारळे आधी कापा.

करडईची गंमत वेगळी आहे. ती कडवट लागते म्हणून खारींना फारशी आवडत नाही, कार्डिनल, होले यांना चालते. खारी सगळं पळवत असतील तर काही दिवस फक्त करडई ठेवून बघा. दुसरा उपाय तिखटाचा, मिरचीतलं कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांना झोंबतं, पक्ष्यांना ते जाणवत नाही, झोंबणं ओळखणारा त्यांच्यातला रिसेप्टर, म्हणजे पेशींवरचा ग्राहक, कॅप्सेसिनला दादच देत नाही. त्यामुळे दाण्यांना तिखट चोळलं तर खार पळते आणि पक्षी आरामात खातात. फक्त वारा असताना हे काम करू नका, डोळ्यांत आपल्याच जातं.

शेंगदाणे भारी आहेत, सुतार, टिट, नटहॅच सगळे येतात, पण इथे काटकसर करायची नाही. स्वस्त, जुना, काळपट, दमट वास येणारा शेंगदाणा म्हणजे अफ्लाटॉक्सिनचा धोका, अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी हे विष तयार करते आणि भाजून ते पूर्ण जात नाही. माणसांनी खाण्याच्या दर्जाचा, बिनमिठाचा दाणा घ्या, कमी घ्या. पिल्लांच्या दिवसांत अख्खे दाणे मोकळे ठेवायचे नाहीत, आईबाप ते पिल्लाला भरवतात आणि घशात अडकू शकतात. जाळीच्या फीडरमध्ये ठेवले की टोचून टोचून तुकडाच काढावा लागतो, प्रश्न मिटला.

स्वयंपाकघरातलं फुकट

इथे सगळ्यात जास्त पैसे वाचतात आणि सगळ्यात जास्त घोळही इथेच होतात.

भोपळ्याच्या, कलिंगडाच्या, खरबुजाच्या बिया फेकू नका. धुवायच्या, गर काढायचा, पसरून खडखडीत वाळवायच्या, मीठ नाही मसाला नाही. मोठ्या बिया छोट्या पक्ष्यांसाठी लाटण्याने थोड्या ठेचून द्या. मऊ पडलेलं सफरचंद, नासपती, खूप पिकलेलं केळं अर्धं कापून फांदीला खोचून ठेवा, फळखाऊ पक्षी दाण्याकडे ढुंकूनही बघत नाहीत ते यावर येतात. बुलबुल, कस्तूर असले पक्षी हवे असतील तर दाण्यांवर पैसे घालवण्यात अर्थच नाही, फळच ठेवा. बेदाणे तासभर भिजवून दिले तर उत्तम, पण घरात कुत्रा असेल तर अजिबात नको, कुत्र्यांना बेदाणे विषारी आहेत.

अंड्याची टरफलं जपून ठेवायची गोष्ट आहे. अंडी घालायच्या काळात मादीला कॅल्शियम भरपूर लागतं आणि दाण्यांत ते नसल्यातच जमा. टरफलं धुवा, ओव्हनमध्ये १२० अंशांवर २० मिनिटं भाजा म्हणजे साल्मोनेला या आजार पसरवणाऱ्या जंतूची भीती जाते, हाताने चुरा करा, तुकडे सूर्यफुलाच्या बीपेक्षा लहान झाले की वेगळ्या वाटीत ठेवा. फुकट.

कच्चे ओट्स चालतात, शिजवलेले नाही, ते चिकट होतात आणि चोचीला लागून वाळतात. शिजवलेला भात मीठ नसेल तर थोडा चालतो. कच्चा तांदूळ खाल्ला की पोटात फुगून पक्षी मरतो असं जे सगळीकडे फिरतं ते खरं नाही, कितीतरी पक्षी शेतातला कच्चा तांदूळच खातात.

पाव. यावर लोक भांडतात. पाव विष नाही, पण त्यात पक्ष्याला लागणारं काहीच फारसं नसतं, पोट भरतं आणि बाकीचं खाणं राहतं. कधीतरी चिमूटभर ओला करून दिला तर आभाळ कोसळत नाही, रोजचा डबा म्हणून नको. बुरशी आलेला पाव मात्र कधीच नाही, "आपण खात नाही तर पक्ष्यांना घालू" हा विचार मुळातच चुकीचा आहे.

दूध देऊ नका, पक्ष्यांना लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नाही. खारवलेलं काहीही नको, वेफर्स, फरसाणवजा चुरा, खारे दाणे, छोट्या शरीराला तेवढं मीठ जड जातं. चॉकलेट आणि अ‍ॅव्होकाडो दोन्ही विषारी. सुकं किसलेलं खोबरं नको, ते पोटात फुगतं, ओल्या नारळाची अर्धी करवंटी टांगली तर चालते. तळणीचं तेल, भाजलेल्या मांसाचं सुटलेलं तूपकट पाणी, मऊ मार्जरीन हेही नको, पिसांना लागतं आणि पिसं चिकट झाली की ऊब धरत नाहीत.

चरबीचं खाणं द्यायचं तर घट्ट चरबी, म्हणजे स्युएट (गुरा-मेंढ्यांची कडक चरबी), वितळवून त्यात ओट्स आणि दाणे कालवून वाटीत गोठवायचं. विकतच्या वड्यांपेक्षा खूपच कमी खर्च येतो. फक्त थंडीत. उन्हाळ्यात वितळतं, खवट होतं, परत तोच पिसांचा प्रश्न.

प्रोटीन, म्हणजे किडे

हा भाग लोक टाळतात पण खरं सांगायचं तर दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांना बहुतेक वेळा किडेच भरवतात. उत्तर अमेरिकेत चिकाडी नावाच्या छोट्या पक्ष्याच्या एका जोडीला एक वीण वाढवायला ६००० ते ९००० सुरवंट लागतात असा अंदाज आहे. एवढे कुठून विकत आणणार! विकतचे सुके मीलवर्म, म्हणजे एका भुंग्याच्या अळ्या, महागच पडतात, आणि द्यायचे झाले तर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून द्यावे लागतात कारण पिल्लांना त्यातूनच पाणी मिळतं.

घरी वाढवणं सोपं आहे. उथळ प्लास्टिकचा डबा, झाकणाला भोकं, तीन-चार बोटं गव्हाचा कोंडा, वर गाजराचा एखादा तुकडा ओलाव्यासाठी, आणि सुरुवातीला थोडे जिवंत मीलवर्म. ते कोषात जातात, काळे भुंगे होतात, अंडी घालतात, परत अळ्या. उबदार खोलीत चक्र पूर्ण व्हायला काही महिने लागतात, म्हणजे धीर हवा. गाजर सडायच्या आत बदलायचं, एवढं एकच काम. घरातल्यांना आधी सांगून ठेवा मात्र.

याहून स्वस्त काय तर बागेत औषध फवारणं बंद करणं. पालापाचोळा एका कोपऱ्यात तसाच राहू द्या, स्थानिक झाडं-झुडपं लावा, किडे आपोआप येतात आणि त्यांच्यामागे पक्षी. सूर्यफुलाची झाडं लावलीत तर वाळलेली फुलं कापू नका, ती टांगलेला फीडरच आहेत.

पाणी आणि साखर

दाण्यांना पैसे नसतील तर नुसतं पाणी ठेवा, खरंच. दाणे न खाणारे पक्षीही पाण्यावर येतात. भांडं उथळ, कडेला २ सेंटीमीटर आणि मध्ये फार तर ५, तळ खरखरीत, गुळगुळीत असेल तर दोन दगड टाका. वर एखादी बाटली टांगून तिच्या तळाला सुईने भोक पाडलं की थेंब पडत राहतो आणि हलणारं पाणी पक्ष्यांना चटकन दिसतं. पाणी रोज बदलायचं, नाहीतर डास.

हमिंगबर्ड किंवा सूर्यपक्षी तुमच्या भागात असतील तर मधुरस विकत घेऊ नका. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, विरघळवलं की झालं. मध नको, त्यात लवकर बुरशी धरते, गूळ किंवा ब्राउन शुगर नको आणि लाल रंग तर मुळीच नको. उन्हाळ्यात दोन दिवसांनी धुवून नवीन भरा, आंबलेलं तसंच ठेवायचं नाही.

किती घ्यायचं, कसं ठेवायचं

मोठी पिशवी किलोमागे स्वस्त पडते म्हणून वर्षाचं भरून ठेवू नका. तेलबिया खवट होतात, उष्ण हवेत लवकर. थंडीत दीड-दोन महिन्यांचा आणि उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांचा साठा पुरे, किंवा शेजाऱ्याबरोबर पोतं निम्मं निम्मं करा. पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, प्लास्टिक उंदीर कुरतडतात. जुना माल घेताना शंका आली तर वीसेक बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, निम्म्यांनाही मोड आले नाहीत तर माल शिळा आहे. (कारळ्याला आणि सोललेल्या बीला ही परीक्षा लावू नका, आयात केलेले कारळे अनेकदा न उगवण्यासाठी तापवलेले असतात.) वास घेऊन बघणं तर कधीही फुकट, जुन्या रंगासारखा वास आला तर फेका.

रोज संध्याकाळपर्यंत संपेल एवढंच घाला. हे चारदा सांगितलं तरी कमी आहे कारण पैसे आणि पक्ष्यांची तब्येत दोन्ही इथेच वाचतात. ब्रिटनमध्ये २००५ नंतर ट्रायकोमोनोसिस नावाचा रोग फिंचमध्ये पसरला, ग्रीनफिंच इतके कमी झाले की २०२१ मध्ये तिथल्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त काळजीच्या पक्ष्यांच्या यादीत, गेले, आणि गर्दीचे, घाण फीडर हा रोग पसरायची एक मोठी जागा आहे. दोन आठवड्यांतून एकदा फीडर पूर्ण रिकामा करून घासा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात दहा मिनिटं बुडवा, भरपूर पाण्याने धुवा, पूर्ण वाळला की मगच भरा. फुगून बसलेला, सुस्त, चोचीपाशी ओला दिसणारा पक्षी आला तर दोन-तीन आठवडे सगळं बंद, पाणीसुद्धा. काही ठिकाणी जंगली पक्ष्यांना खायला घालण्यावर नियम असतात, तेवढं सुरुवातीलाच विचारून घ्या.

फीडर खिडकीच्या एकदम जवळ, १ मीटरच्या आत, नाहीतर सरळ १० मीटर लांब. मधल्या अंतरावरून पक्षी वेगाने काचेवर आपटतात. झुडूप साधारण ३ मीटरवर असावं, लपायला जवळ आणि मांजराला दबा धरायला लांब.

आता तुमच्याकडचे पक्षी काय खातात ते शोधायची पद्धत. चार सारख्या वाट्या घ्या, प्रत्येकीत एकच दाणा, वजन करून ५०-५० ग्रॅम, सगळ्या एकाच ठिकाणी ओळीने. संध्याकाळी टरफल फुंकून उरलेलं मोजा, दुसऱ्या दिवशी वाट्यांच्या जागा बदला, नाहीतर काठावरची वाटीच जिंकते. आठवडाभर हे केलं की कोणती पिशवी परत आणायची ते आपोआप कळतं. आणि पहिले काही दिवस कोणीच फिरकलं नाही तर दाणा बदलत बसू नका, नवीन जागेवर विश्वास बसायला त्यांना कधीकधी दोन-तीन आठवडेही लागतात. तोवर फीडर भरू नका, वरून दिसेल अशा मोकळ्या जागी चिमूटभर बारीक धान्य टाका, ओलं झालं की उचला आणि नवीन टाका.